घाटावरच्या डायव्हरांसाठी गोडं पाणी : शोधाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, मालवण

या हंगामात एक काम हातात घेतोय. गोड्या पाण्यात सुरक्षितपणे डाइव्ह करता येईल अशा जागा शोधायच्या, आणि जागा शोधायची एक पद्धतही बसवायची. समुद्र दारात असताना हा खटाटोप कशाला, असं घरच्यांनीही विचारलं. कारण सरळ आहे. आमच्याकडे तारकर्ली-मालवणला स्कुबा शिकायला येणारे बरेचसे घाटावरचे असतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, पुणे. चार-पाच दिवस राहून ओपन वॉटरचा, म्हणजे स्कुबाचा सुरुवातीचा कोर्स करतात, कार्ड घेऊन जातात आणि वर्षभर पाण्यात उतरायची संधीच मिळत नाही. पुढच्या वर्षी आले की मास्कमधलं पाणी काढताना धाप लागते, बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहणं, सुटते, फिन (पायांतले रबरी पंख) प्रवाळावर आपटतात. यात त्यांचा आळस नाही. गावात जलतरण तलाव असला तरी सिलिंडर घेऊन उतरू देणारा विरळा, आणि समुद्र कुणाला चार तास, कुणाला आठ तास.

इंग्लंडमध्ये लेस्टरशायर परगणा देशाच्या अगदी मध्यावर आहे, समुद्रापासून लांब. तिथे स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची जुनी खाण आहे. १९५८ मध्ये काम थांबलं, खाण पाण्याने भरली आणि तिथे डायव्हर उतरू लागले. आज त्या देशातले कितीतरी लोक पहिला डाइव्ह तिथेच करतात. आपल्याकडे खाणींना तोटा नाही. कमी आहे ती कुणीतरी नीट जाऊन बघण्याची.

आधी आपल्या जिल्ह्यात शोधायचं ठरवलंय. पद्धत हातात बसली की ती घाटावरच्या मंडळींना द्यायची, म्हणजे ते आपापल्या तालुक्यात शोधतील.

१० ऑक्टोबर

नकाशा घेऊन बसलो. उपग्रहाच्या चित्रात पावसाळ्यानंतरचं कोकण पाण्याने ठिपक्याठिपक्यांनी भरलेलं दिसतं. म्हणून आधी कुठल्या पाण्यात उतरायचं नाही ते ठरवलं.

धामापूरचा तलाव सगळ्यांना सर्वांत आधी आठवतो. १५३० सालचा, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती गर्द झाडी. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. मालवण शहर त्याचं पाणी पितं. पिण्याच्या पाण्यात आपण उतरत नाही. खोली किती, पाणी किती नितळ, हे प्रश्न तिथे निघतच नाहीत.

आंबोलीच्या हिरण्यकेशीचंही नाव कुणीतरी काढलं. तिथल्या मंदिराजवळच्या कुंडात राहणारा शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटासा मासा विज्ञानाला २०२० साली नव्याने माहीत झाला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. बोटभर लांबीचाही नसलेला मासा, एवढंसं त्याचं घर. फिनच्या एका फटक्याने उठलेला गाळ त्याच्या अख्ख्या जगावर बसेल.

नद्या नकोत. चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री मगरींसाठी प्रसिद्धच आहेत, आणि बाकी नद्यांच्या डोहांत पावसात वाहून आलेली झाडं, तारा, जाळी अडकलेली असतात. विहिरीही नकोत. बाहेर यायला एकच तोंड, पाण्यात मोटारीची वायर, वर बांधकामाचा भरवसा नाही.

धरणांवर मात्र बराच वेळ चर्चा झाली, कारण घाटावरच्या लोकांना पहिलं आठवतं ते धरण. परवानगी पाटबंधारे खात्याची लागते, हा भाग वेगळा. मला भीती आहे ती दरवाजे आणि विमोचकांची (भिंतीतून पाणी सोडायच्या भोकांची). भिंतीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा, आणि मध्ये भोक. दहा मीटर पाण्याखाली फूटभर लांब, फूटभर रुंद भोकावर साधारण नऊशे किलोंचा भार असतो. पाणी वरून शांत दिसतं. जवळ गेलेल्या माणसाचा हात किंवा पाय त्यात खेचला गेला की कितीही जणांनी ओढलं तरी तो सुटत नाही. व्यावसायिक डायव्हर या एकाच गोष्टीला सर्वांत जास्त घाबरतात. राधानगरीचे दरवाजे तर पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबायची गरज नसते. अभियांत्रिकी म्हणून मला त्या धरणाचं अपार कौतुक आहे, पण डायव्हरला तिथे काम नाही. यादीत नियम लिहिला: दरवाजा, विमोचक, पंप, सांडवा यांतलं काहीही असलेलं पाणी बाद.

उरल्या खाणी.

२३ ऑक्टोबर, कुडाळ–मालवणचे सडे

चिरेखाणी बघत फिरलो. लांबून बघताना मन हरखतं. जांभ्याचे उभे कापलेले लाल कडे, मध्ये चौकोनी पाणी, काठावर तेरड्याची शेवटची फुलं. जवळ गेल्यावर एकेक अडचण दिसते.

पहिली म्हणजे वाट. चिरे मशीनने सरळ कापतात, म्हणून भिंती काटकोनात उभ्या. पाणी काठापासून हातभर खाली गेलं की धडधाकट पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, हाताला पकडच मिळत नाही. पोरं बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात त्या बहुतेक अशाच खाणींतल्या.

दुसरी अडचण दगडाची. जांभा सच्छिद्र. आता काठोकाठ दिसणाऱ्या कितीतरी खाणी शिमग्यापर्यंत कोरड्या पडतात. ज्यांच्या तळाला चिकणमाती लागलीय त्याच पाणी धरतात, आणि मग तीच माती पाण्यात तरंगत राहते.

नितळपणा मोजायला सेकी तबकडी बनवलीय. अँजेलो सेकी या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात ही पद्धत वापरली, आणि आजही तळ्यांसाठी यापेक्षा सोपं काही निघालेलं नाही. वीस सेंटिमीटर व्यासाची तबकडी, दोन भाग काळे, दोन पांढरे, मध्ये दोरी, खाली वजन. ती सोडत जायची आणि दिसेनाशी होते तिथली खोली लिहायची. आज चिरेखाणींत ती हातभर खाली गेली की दिसेनाशी होत होती.

एका खाणीतलं पाणी दोन बाटल्यांत भरून आणलं. एकीत चमचाभर मीठ टाकलं, दुसरी तशीच ठेवली. सकाळी मिठाच्या बाटलीत तळाला लालसर थर आणि वर बऱ्यापैकी स्वच्छ पाणी. दुसरी बाटली होती तशीच, चहासारखी. मातीचे बारीक कण एकमेकांना ढकलत राहतात. मीठ असलं की ते गुठळ्या करून खाली बसतात, गोड्या पाण्यात आठवडेच्या आठवडे लोंबकळत राहतात. खाडीच्या मुखाशी गाळ का साचतो याचं एक कारण हेच. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा की गोड्या पाण्याची जागा पाऊस संपल्याबरोबर बघून निकाल द्यायचा नाही. डिसेंबरात पुन्हा बघायचं.

आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. कोकणात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून हे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि अंगावरच्या ओरखड्यातून, डोळ्यांतून, नाकातोंडातून शिरतात. पाऊस आणि त्यानंतरचे आठवडे सर्वांत वाईट. जिथे गुरं पाण्यावर येतात ती खाण बाद. पायाला चीर असेल तर उतरायचं नाही. उतरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना सर्वांत आधी "खाणीच्या पाण्यात उतरलो होतो" हे सांगायचं.

९ नोव्हेंबर

दिवाळीची गर्दी. बोटीवरून मान वर काढायला फुरसत नाही. एका डंपरवाल्याने कणकवली–वैभववाडीच्या बाजूला काळ्या दगडाची बंद खाण असल्याचं सांगितलंय. "पाणी निळाशार आसा," म्हणाला. काळा दगड म्हणजे सच्छिद्रपणाचा प्रश्न कमी.

२४ नोव्हेंबर, कणकवलीच्या वरची बाजू

खाण बघितली. गावाचं नाव इथे लिहीत नाही, मालकांची तशी इच्छा आहे.

वर सांगितलेल्या अडचणी इथे निम्म्याने कमी. सुरुंग लावून काढलेला काळा दगड, पायरीपायरीने उतरलेले कडे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डंपर खाली नेण्यासाठी ठेवलेला उतार थेट पाण्यात जातो. आमच्या किनाऱ्यावर होडी ओढायला जसा उतार लागतो तसाच. फिन हातात घेऊन चालत आत जायचं आणि चालत बाहेर यायचं. माझ्या दृष्टीने ही जागा तिथेच पास झाली. खोली कमी-जास्त चालते. बाहेर यायची वाट नसेल तर पुढचं काही बघायचंच नाही.

मालक काका सत्तरीचे. क्रशर बंद करून आता काजूची बाग बघतात. पडवीत बसवलं, पाणी-गूळ दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"झिला, पाणी पाच वाव तरी आसा. पन तळाक काय काय रवला ता माका इचारू नको. पंप बंद केलो आणि एका पावसात भरला."

"काका, न फुटलेला सुरुंग वगैरे?"

हा प्रश्न विचारल्यावर ते जरा सावरून बसले. मुलाला हाक मारून सुरुंग लावणाऱ्या जुन्या माणसाला फोन लावून दिला. त्या माणसाने भोकांची शेवटची रांग कुठल्या बाजूला होती आणि ती पूर्ण फुटली होती, हे नीट सांगितलं. काळ्या दगडाच्या खाणीत उतरणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि उत्तर मालकाकडून नाही तर सुरुंगवाल्याकडून घेतलं पाहिजे.

काकांची खरी चिंता वेगळी होती. "तुमी शिकलेली माणसा. पन तुमचो व्हिडिओ बगून गावातली पोरा उड्ये मारूक येतली, आणि कायतरी झाला तर पोलीस माज्या दारात." बरोबर आहे त्यांचं. म्हणून ठरलं ते असं: येण्याआधी फोन, प्रत्येकाचं नाव आणि कार्डाची प्रत त्यांच्याकडे, दारू नाही, एकट्याने उतरायचं नाही, आणि जागा ओळखू येईल असा एकही फोटो किंवा रील कुठे टाकायचं नाही. दोन पानी पत्र करून दोघांच्या सह्या घ्यायच्या. ग्रामपंचायतीलाही एक प्रत.

निघताना म्हणाले, "पयलो नारळ देवाक ठेवा." पुढच्या वेळी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालून मगच पाण्याला हात लावायचा.

८ डिसेंबर

देवळात नारळ ठेवला. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं घातलं, पाण्यात उतरणाऱ्या लेकरांना सांभाळून घे म्हणून, आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. गावाला आता माहीत आहे की खाणीवर कोण येतंय आणि कशाला. परवानगीच्या कागदाइतकंच हे मला मोलाचं वाटतं, कारण अडचण आली तर दोर घेऊन धावत येणारे हेच.

आज पाण्यात कुणी उतरलं नाही. गाडीची हवा भरलेली ट्यूब, तिच्यावर फळी, आणि ओळंब्याची दोरी. ठरावीक अंतरावर ओळंबा सोडत कागदावर खोली लिहीत गेलो. उताराच्या बाजूला दीड-दोन मीटर, मग एक पायरी साधारण पाच मीटरवर, आणि पलीकडच्या कड्याखाली ९.३ मीटर. शिकलेल्यांच्या सरावासाठी याहून जास्त खोली नकोच. तळाशी दोन ठिकाणी ओळंबा अडकला. तिथे लाल खूण केलीय. पूर्वेकडचा कडा भेगाळलेला आहे, त्याच्या पायाशी ताजे पडलेले दगड. त्या बाजूला जायचंच नाही, पाण्यावरूनही नाही.

सेकी तबकडी ३.४ मीटरपर्यंत दिसली.

२२ डिसेंबर

पहिला डाइव्ह. आमच्या बोटीवरचा साथीदार आणि मी. काठावर तिसरा माणूस, त्याच्याकडे दोर, ऑक्सिजनची पेटी आणि गाडीची चावी.

सुरुवात वजनापासून. समुद्राचं पाणी दर लिटरला गोड्या पाण्यापेक्षा साधारण २५ ग्रॅम जड असतं. माणूस आणि सामान मिळून शंभर किलो धरले तर गोड्या पाण्यात अडीच किलो कमी तरंग मिळतो. समुद्रात मला तीन मिलिमीटरच्या सूटवर सहा किलो लागतात. इथे साडेतीनने सुरुवात केली. सिलिंडरमधली हवा संपत येऊन पन्नास बारला आलेली असताना, बीसीडी (हवा भरून तरंग कमी-जास्त करायचं जाकीट) रिकामं, श्वास साधा रोखलेला, पाणी डोळ्यांच्या रेषेत. तेवढंच बरोबर बसलं. घाटावरचे लोक समुद्रातलं वजन वहीत लिहून ठेवतात आणि तेच घेऊन उतरतात. गोड्या पाण्यात ते दगडासारखे खाली जातील, म्हणून त्यांच्यासाठी जो तक्ता करायचाय त्यात हे ठळक लिहायचं.

मनगटावरच्या डाइव्ह-संगणकाचंही तसंच. तो दाब मोजतो आणि खोली आपल्या समजुतीप्रमाणे सांगतो. सागरी मोडवर त्याने ९.१ दाखवले, तिथेच आमची दोरी ९.३ होती. गोड्या पाण्याचा मोड लावला की दोन्ही जुळले. डाइव्ह आखताना हा फरक काही मोठा नाही, पण नकाशा करताना लागतो.

आत काय दिसलं? डंपरचा उतार अजून ओळखू येतो. दोन मीटरवर चाकोऱ्या आहेत, त्यात पातळ हिरवं शेवाळ. पुढे कडा सुरू होतो आणि त्यावर सुरुंगाच्या भोकांचे अर्धे गोल, वरपासून खालपर्यंत सरळ, समांतर. हात लावला तर कडा अजून धारदार. पाच मीटरच्या पायरीवर एक फुटकं घमेलं, त्यात खेकडा. ओळंबा अडकला होता ती पहिली जागा म्हणजे वायररोपचा गुंता. नायलॉनच्या दोरीने घेरून वर बोया सोडला. दुसऱ्या ठिकाणी कन्व्हेयरचा रबरी पट्टा, अर्धा गाळात.

तळ म्हणजे क्रशरची भुकटी. राखाडी, पिठासारखी बारीक. साथीदाराने सवयीने फिन वर-खाली मारले आणि क्षणात त्याचा चेहरा दिसेना. समुद्रात असा गाळ लाटेबरोबर निघून जातो, इथे अर्धा तास झाला तरी हलला नाही. नियम: तळापासून दीड मीटर वर राहायचं, बेडूकपाय मारायचे, आणि बडी (सोबतचा डायव्हर) दिसेनासा झाला तर शोधत बसायचं नाही, मिनिटभर थांबून हळू वर यायचं. बॉयन्सी शिकायला यापेक्षा प्रामाणिक शिक्षक मिळणार नाही. इथे ज्याला भुकटी न उडवता थांबता आलं, तो प्रवाळावर पाय आपटणार नाही.

१२ जानेवारी २०२५

आज पाण्याऐवजी घाटाचा अभ्यास. कोल्हापूरच्या डॉक्टरताईंनी विचारलं, "सर, आम्ही सकाळी येऊन डाइव्ह करून संध्याकाळी परत जाऊ शकतो ना? अंतर तर फार नाही." प्रश्न साधा, पण या सगळ्या कामातला सर्वांत नाजूक.

पाण्याखाली श्वास घेताना रक्तात नायट्रोजन विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पूर्ण बाहेर पडण्याआधी बाहेरचा दाब आणखी कमी झाला तर बुडबुडे धरू शकतात. विमानाचं सगळ्यांना माहीत असतं: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास उड्डाण नाही. हाच सल्ला सुमारे ६०० मीटरच्या वर गाडीने चढण्यालाही लागू आहे, हे बहुतेकांच्या गावी नसतं. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ९२ टक्के. म्हणजे तारकर्लीला डाइव्ह करून त्याच दिवशी संध्याकाळी घाट चढणारा प्रत्येक जण हा नियम मोडतो. गगनबावडा, फोंडा, कुठलाही घाट घ्या, हिशेब करूनच निघायचं. आमची खाण उथळ आहे, जोखीम कमी आहे, तरी नियम तोच ठेवतोय. उतरणाऱ्याने मुक्काम करायचा.

आणि घाटावरच जागा शोधली तर? कोल्हापूर साधारण ५५० मीटरवर. किती खोलीवर किती वेळ राहायचं ते सांगणाऱ्या डायव्हिंगच्या तक्त्यांत ३०० मीटरच्या वरचं पाणी उंचीवरचं पाणी धरतात. कोल्हापुरात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ९३.५ टक्के, म्हणून दहा मीटरचा डाइव्ह तक्त्याच्या दृष्टीने १०.७ मीटरचा होतो. पाणी गोडं असल्याने त्यातले थोडे परत मिळतात, उरतात सुमारे १०.४. आकडा छोटा वाटतो, पण खोली वाढेल तसा तो वाढत जातो. संगणकात उंचीची सोय आहे का, ती आपोआप लागते की हाताने लावावी लागते, हे प्रत्येकाने पुस्तिका उघडून बघायचं. शिवाय कोकणातून वर गेलेल्या माणसाने पोचल्या पोचल्या पाण्यात उडी घ्यायची नाही. शरीराला वरच्या हवेची सवय व्हायला काही तास जाऊ द्यायचे.

हे सगळं त्यांना फोनवर सांगितलं. त्या डॉक्टर असल्याने चटकन समजल्या आणि म्हणाल्या, हे कोर्सच्या पहिल्या दिवशीच सांगा. आजपासून सांगतो.

२ फेब्रुवारी

दोडामार्गच्या बाजूच्या दोन खाणी यादीत होत्या. त्या तूर्त काढल्या. २०१६ पासून त्या भागात माकडताप आहे, गोचिडीमार्फत पसरतो आणि त्याचा जोर जानेवारी ते मे. जंगलातून पाऊण तास सामान वाहून न्यावं लागेल अशा जागेसाठी लोकांना त्या दिवसांत पाठवणं बरोबर नाही. हत्तींचाही वावर आहे.

२ मार्च, कणकवली

आंगणेवाडीची जत्रा आटपली आणि मोकळा शनिवार मिळाला. काल घाटावरून आलेल्या पहिल्या गटाला खाणीत उतरवलं. कोल्हापूरच्या डॉक्टरताई, सांगलीच्या एक शिक्षिका, आणि सोलापूरचे बापलेक. शुक्रवारी रात्री मुक्कामाला आले, शनिवारी दोन डाइव्ह, दुपारी एकच्या आत पाण्याबाहेर. आज सकाळी नऊला घाटाकडे निघाले.

पाणी डिसेंबरपेक्षा मीटरभर उतरलंय. तबकडी ४.८ मीटरपर्यंत दिसली. डिसेंबरात वर-खाली एकच तापमान होतं. आता वर २९ अंश आणि सहा मीटरच्या खाली २४. मध्ये थर इतका स्पष्ट की कंबर उन्हात आणि पाय सावलीत असल्यागत वाटतं. गार थरात मासा दिसत नाही. तळाजवळ भुकटीच्या वर काळपट पापुद्रा आलाय. खालचं पाणी वरच्यात मिसळत नाही, प्राणवायू संपत जातो, आणि तिथे कुजायला लागतं. एप्रिलमध्ये तळापर्यंत जायची गरज नाही असं लिहून ठेवलं. सहा मीटरच्या वर सगळं काम होतं.

खरी गंमत उतारावर, दोन मीटरवर होती. चाकोऱ्यांच्या बाजूला गाळात परातीएवढे गोल खळगे, एकमेकांना लागून. चिलापीची घरटी. प्रत्येकात एक नर, अंगाने काळवंडलेला, पंखांची कड तांबूस. खळग्यात खडा पडला की तोंडात धरून बाहेर नेऊन टाकतो आणि परत जागेवर. शेजारचा हद्दीत आला की तोंड उघडून समोरासमोर उभे राहतात. मादी येते, अंडी घालते, तोंडात भरते आणि निघून जाते. नर पुन्हा खळगा साफ करायला लागतो. हा मासा इथला नव्हे, आफ्रिकेतून आलाय आणि आपल्या स्थानिक माशांना त्याने बऱ्याच ठिकाणी हुसकावलंय. खाणीत तो कुणीतरी आणून सोडला असणार. तरी बघण्यासारखा खराच.

सांगलीच्या बाई त्या खळग्यांच्या वर हातभर अंतरावर थांबल्या. श्वासाबरोबर किंचित वर, किंचित खाली. हात जुळवलेले, फिन स्थिर. एकही कण उडाला नाही आणि नर त्यांच्याकडे लक्षही न देता आपलं काम करत राहिला. वर्षापूर्वी तारकर्लीला याच बाईंना तळाला गुडघे टेकल्याशिवाय थांबता येत नव्हतं. वर आल्यावर मी त्यांना सांगितलं, हे असं जमणारे इन्स्ट्रक्टरही मी थोडेच बघितलेत.

सोलापूरच्या बापलेकांना गाळाचा त्रास झाला, दुसऱ्या डाइव्हला बरंच सुधारलं. काका काठावर खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसले होते. दुपारी सगळ्यांना कुळथाची पिठी आणि भात.

२३ मार्च

घाटावरच्या मंडळींसाठी तक्ता पूर्ण केला. दोन पानं, मराठीत. क्रम मुद्दाम असा ठेवलाय: आधी पाणी कुणाचं आणि कोण पितं, मग गुरं आणि गाव, मग बाहेर यायची वाट, मग दरवाजे-पंप-वायर-सुरुंग. खोली आणि नितळपणा त्यानंतर. उपग्रहाच्या चित्रात निळं दिसलं म्हणून गाडी काढायची नाही. एकच जागा पावसानंतर, डिसेंबरात आणि मार्चमध्ये बघितल्याशिवाय तिथे कुणाला उतरवायचं नाही. वजन आणि उंचीचे हिशेब उदाहरणासह दिलेत. खाणीत छत असेल, बोगदा असेल, तर गुहेचं वेगळं प्रशिक्षण घेतलेल्यांखेरीज कुणीही आत जायचं नाही, हे लाल अक्षरांत.

सांगलीच्या बाईंनी त्यांच्या तालुक्यातल्या एका खाणमालकांची वेळ घेतलीय. तबकडी आणि ओळंबा त्या घेऊन गेल्यात. मी सोबत जायला तयार होतो, त्या म्हणाल्या आधी मी एकटी बोलून येते. चांगलं आहे.

इथली खाण मेच्या मध्यापर्यंत चालू ठेवायची, पावसात बंद. कडे भिजले की दगड सुटतात. मेमध्ये पाणी सर्वांत खाली असताना एकदा जाऊन उताराचं खालचं टोक आणि वायररोपचा गुंता बघायचाय. काकांच्या मुलाने ट्रॅक्टर द्यायचं कबूल केलंय, गुंता ओढून काढता आला तर काढू.